मागल्या आळीतली खानावळ

उन्हाळ्याच्या दिवसांत महाबळेश्वरच्या स्टँडवर एसटी येऊन थांबली की दाराशी एकच झुंबड उडायची. लॉजवाले, घोडेवाले, टॅक्सीवाले, मोठ्या हॉटेलांची माणसं, सगळे एकदम ओरडायचे. त्या गर्दीत नाथाजी कधी घुसला नाही. स्टँडच्या कडेला जांभळीचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी तो उभा राहायचा आणि उतरणारी माणसं न्याहाळायचा. गळ्यात कॅमेरा अडकवलेली त्याची माणसं नव्हेत. त्याची माणसं म्हणजे हातात वळकटी, फिरकीचा तांब्या, घाटात ओकून ओकून चेहरा पार उतरलेला. सांगली, कराड, फलटणकडनं वर्षभर मनात घोकून घोकून एकदाची हवा खायला आलेली.

ही माणसं बाजारपेठेत शिरायची, हॉटेलाच्या पाटीवरचे भाव वाचायची, एकमेकांकडं बघायची आणि पुढच्या हॉटेलाकडं निघायची. असं दोन-तीनदा झालं की नवऱ्याचा आवाज चढायचा, बायकोचे डोळे भरून यायचे. नाथाजी नेमका तेव्हा जवळ जायचा.

"पावणं, जेवायचं बघताय न्हवं? चला, दावतो."

धंदा त्याचा हमालीचा. खाण्याची जागा दाखवणं हा धंदा नव्हता, पण त्याचं नाव झालं होतं ते त्यापायीच. सामान पोचवत पोचवत बाजारातल्या साऱ्या भटारखान्यांची मागची दारं त्यानं पाहिली होती. कुणाकडं सकाळचा भात संध्याकाळी फोडणीला जातो आणि कुणाकडं तेल बदलायचं नावच नसतं, हे त्याला ठाऊक होतं. नाश्ता म्हटलं की तो भाऊसोच्या हॉटेलात न्यायचा. कोपऱ्यावरच्या आरसेवाल्या हॉटेलाकडं कुणी वळलं तर नुसती मान हलवायचा. आणि पोटभर जेवायचं असेल तर बाजाराच्या पाठीमागं, कौलं बसलेल्या एका पडवीत. दारात शिरण्याआधी मात्र तो थांबायचा.

"ही माझीच खानावळ हाय, आदीच सांगतो. घरची मंडळी करती. न्हाई आवडलं तर उठून जावा, राग न्हाई."

उठून कुणी जात नसे.

घरची मंडळी म्हणजे लीलाबाई. दोघांचं गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. धरणाचं पाणी चढलं तसं गाव गेलं. त्याआधी कोयनानगरला कामगारांच्या छावणीत लीलाबाईनं भाकऱ्या बडवल्या होत्या. तिथंच मोठ्या भांड्यात रांधायचा हात बसला. पोरंबाळं झाली नाहीत. गाव पाण्याखाली गेल्यावर दोघं डोंगर चढून वर आली ती वरच राहिली.

लीलाबाई नाकानं रांधायची. भाकरी थापता थापता, पाठ चुलीकडं असताना म्हणायची, "आमटी लागाय लागली बगा, काढा खाली." झाकण उघडायच्या आत तिला कळायचं, फोडणीत लसूण करपला की हिंग कमी पडला. भाजलेलं वांगं, पिठलं, जाड तांदळाचा वाफाळता भात आणि जाताना ताकाचा पेला, एवढंच तिचं ताट. पण ते जेवलेली माणसं पुढच्या वर्षी एसटीतनं उतरली की आधी जांभळीखाली नाथाजी दिसतो का बघायची.

अशातलंच एक सांगलीचं कुटुंब. सुकुमार कुपवाडच्या एका कारखान्यात फिटर होता. बायको त्रिशला आणि म्हातारी आई आक्काताई. जैन माणसं, कांदा-लसूण नाही, बटाटा नाही आणि आक्काताईंचं जेवण दिवस मावळायच्या आत. पहिल्या वर्षी ही तिघं बाजारात कासावीस होऊन फिरत होती. कुणी म्हणालं कांद्याशिवाय काही नाही, कुणी म्हणालं जेवण आठला सुरू. नाथाजीनं त्यांना पडवीत आणलं. लीलाबाईनं उजेड असेतो आक्काताईंसाठी वेगळ्या पातेल्यात मुगाची आमटी केली. म्हातारी जेवून उठली आणि लीलाबाईच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "माझ्या लेकीकडं जेवल्यागत वाटलं बग." तेव्हापासून दर मे महिन्यात ती तिघं यायचीच.

त्र्याहत्तर सालचा पावसाळा फार वाईट गेला. पावसात महाबळेश्वर ओस पडतं. माणसं दारंखिडक्या गवताच्या झडींनी झाकून आत बसतात. त्या धुक्यात आणि ओलीत लीलाबाईला ताप चढला. गावठी औषधं झाली, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या. श्रावण गेला, भाद्रपद निम्मा गेला तेव्हा कुठं ती उठून बसली. नाथाजीला वाटलं, वाचली.

दिवाळीनंतर माणसं यायला लागली. आधी एखाददुसऱ्यानं ताट अर्धं टाकलं. मग कुणी आमटीला हातच लावला नाही. नाथाजी स्वतः दोन्ही वेळचं तेच जेवत होता. त्याला कळत नव्हतं असं नाही. पिठल्याला करपलेला वास, शेंगदाण्याच्या चटणीला खवट चव, कधी मीठ दुप्पट तर कधी नाहीच. पण त्या वर्षी तेल मिळत नव्हतं, डाळ परवडत नव्हती. त्याला वाटलं, बिचारी जुनंपानं वापरून ओढाताण करते आहे. आजारातनं उठलेल्या बाईला नावं काय ठेवायची? तो गप्प बसला आणि माणसं आणत राहिला. आता दारात थांबून तो "न्हाई आवडलं तर उठून जावा" म्हणत नसे. ते कधी बंद झालं हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

मे महिन्यात सुकुमारची मंडळी आली. ती उतरली त्याच दिवशी नाथाजीनं घरी सांगून ठेवलं, उद्या जेवायला येतील म्हणून. लीलाबाई हरखली. म्हातारीला ताटकळायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं मुगाची आमटी करून चुलीच्या उबेला झाकून ठेवली. ऊन कलायच्या सुमाराला तिघं पानावर बसली. नाथाजी ताक वाढायला उभा होता.

सुकुमारनं पहिला घास घेतला आणि त्याचा हात थांबला. त्रिशलानं वाटी नाकाशी नेऊन खाली ठेवली. आमटी आंबली होती. सुकुमार काही बोलणार एवढ्यात आक्काताईंनी त्याच्या मांडीवर हात ठेवला. लीलाबाई समोर उकिडवी बसून, हसऱ्या तोंडानं म्हातारीकडं बघत होती.

"आक्का, गरम वाढू का आजून?"

"वाढ की, लेकी."

आक्काताई ताटात अन्न टाकत नसत. कण कण पुसून घ्यायच्या, वर ताट धुऊन ते पाणीही प्यायच्या. त्या दिवशीही त्यांनी तसंच केलं. नाथाजीनं ते सगळं बघितलं. वाटी उचलून घ्यावी, असं त्याच्या मनात आलंही. पण लीलाबाईच्या तोंडावरचं ते हसू मोडायचा धीर त्याला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर एक टॅक्सी उभी होती. मागच्या सीटवर आक्काताई डोळे मिटून आडव्या, त्यांचं डोकं त्रिशलाच्या मांडीवर. रात्रभर उलट्या आणि जुलाब झाले होते. त्यांना खाली साताऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं. नाथाजी धावत गेला, सामानाला हात घालू लागला. सुकुमारनं पिशवी त्याच्या हातातनं हळूच काढून घेतली.

"राहू दे, नाथामामा."

"आवं, पर झालं काय..."

"आमी तुमच्या शब्दावर येत हुतो," एवढंच सुकुमार म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर नाथाजीला सोसला असता.

तो तसाच घरी आला. लीलाबाई भांडी घासत होती. कालच्या आमटीचं पातेलं अजून घासायचं होतं, तळाला थोडी शिल्लक होती. त्यानं ते उचललं आणि तिच्या नाकाशी धरलं.

"ह्याचा वास घे."

लीलाबाई पातेल्याकडं बघत राहिली. मग त्याच्याकडं. राखेनं भरलेले हात तिनं मांडीवर ठेवले.

"काय येतंय?" नाथाजी ओरडला.

"कायबी येत न्हाई," ती म्हणाली. "तापातनं उठल्यापासनं न्हाई. चव बी न्हाई. तिखट झोंबतं तेवढं कळतं. बाकी माती खाल्ल्यागत."

"आनि मला सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? नाक गेलं सांगू? मग माझ्याजवळ ऱ्हातंय काय? मला वाटलं, येईल आज न उद्या. हाताला सवय हाय, अंदाजानं जमंल." मग तिनं विचारलं, "कोन आजारी पडलं काय?"

नाथाजीनं सांगितलं. ती रडली नाही. पदर तोंडावर दाबून भिंतीकडं तोंड करून बसली.

आक्काताई त्या दुखण्यातनं वाचल्या, असं कुणा सांगलीच्याच माणसाकडनं पुढं कळलं. पण ती तिघं पुन्हा महाबळेश्वरला आली नाहीत.

नाथाजीनं हात टेकले नाहीत एवढ्यात. लीलाबाईला साताऱ्याच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं नाकात बत्ती मारून बघितलं आणि म्हणाला, येईल कदाचित, न येईल कदाचित. शेजारच्या मनुबाईला मदतीला घेतलं. तिनं चाखून सांगायचं, लीलाबाईनं रांधायचं. थोडे दिवस चाललं. पण फोडणी चाखून कळत नाही, ती त्या क्षणालाच कळावी लागते. मनुबाई "आता घाला" म्हणेपर्यंत जिरं काळं पडलेलं असायचं. त्यात मनुबाईचा स्वभाव भोळा, बाजारात कुणी विचारलं तर सांगून मोकळी व्हायची की बाईंना वास येत नाही म्हणून मी असते. वास न येणाऱ्या बाईच्या हातचं कोण खाणार? रोज जेवायला येणारे टॅक्सीवाले यायचे बंद झाले. मग हमालही.

आणि जांभळीखाली तर माणसं थांबतच होती. दमलेली, उपाशी, पाट्या वाचून हिरमुसलेली. ती विचारायची, "मामा, जेवायला कुठं बरं मिळंल? परवडंल असं?"

पहिल्यांदा त्याला खोटं बोलावंसं वाटलं. कराडकडचं जोडपं होतं, कडेवर तान्हं मूल. तो त्यांना घेऊन मागल्या आळीत वळलाही. लीलाबाई दारात उभी होती. चूल पेटलेली होती, भाकरीचं पीठ परातीत होतं. पावलांचा आवाज ऐकून तिनं पदर सावरला. नाथाजीनं तिच्याकडं पाहिलं, मग त्या पोराकडं पाहिलं.

"इकडनं न्हवं," तो त्या माणसाला म्हणाला, "म्होरं. भाऊसोकडं आता जेवन बी सुरू झालंय."

भाऊसोच्या हॉटेलाला जायचा रस्ता त्या दारावरनंच होता. लीलाबाई बाजूला झाली, जणू रस्ता तिनंच अडवला होता. तान्ह्या मुलाकडं बघून हसली.

त्या हंगामात तो कितीदा तरी तसा गेला. लांबच्या रस्त्यानं जाऊन पाहिलं, पण ओझं घेऊन चढ झेपेना. पुढं पुढं लीलाबाई दारात उभी राहीनाशी झाली, आतनंच बघायची. चूल मात्र दोन वेळा पेटवायची. कुणी येणार नाही हे माहीत असून पातेलंभर भात शिजवायची. तो कुत्र्यांना आणि गाईंना जायचा. एकदा नाथाजीनं चिडून विचारलं, "कशाला रांधतीस?" ती म्हणाली, "हात गप बसत न्हाईत."

संध्याकाळी तो घरी आला की ती त्याच्या पुढ्यात ताट ठेवायची. तो मुकाट्यानं जेवायचा, करपलेलं, खारट, जे असेल ते. ती समोर बसून विचारायची.

"आज ती लाल लुगड्याची बाई लय दमल्याली दिसत हुती. काय वाढलं तिला भाऊसोनं?"

"वरण-भात. उसळ हुती."

"कशाची?"

"मटकीची."

"बरी झालती?"

"झालती."

"पोटभर जेवली का?"

"व्हय, जेवली."

ती मान हलवायची आणि ताट उचलायची. असं पुष्कळ दिवस चाललं. मग पुढच्या पावसाळ्यात खानावळीची पाटी पावसानं खाली आली. ती पुन्हा कुणी लावली नाही. हंगाम सुरू झाला तेव्हा लीलाबाई गाजरांच्या वाफ्यांत निंदायला जाऊ लागली. संध्याकाळी परतल्यावर ती पाय धुऊन भिंतीला टेकून बसायची. नाथाजी यायचा, चूल पेटवायचा, दोघांची ताटं वाढायचा. कुणाला कुठं जेवायला नेलं, काय वाढलं, हे ती आता विचारत नसे, आणि त्यालाही आपणहून सांगवत नसे.