बारीक अक्षरांचा कागद

औषधांच्या दुकानातली गिऱ्हाइकं ताईला ‘अर्धी डॉक्टर’ म्हणत. वीस वर्षं काउंटरवर काढल्यावर कसलीही चिठ्ठी ती घडाघडा वाचायची. धाकट्या बहिणीला लहानपणापासून फिट यायच्या. तिच्या गोळ्या ताईच आणायची. बहिणीला दिवस गेले, तेव्हा तर ताईने डोळ्यांत तेल घालून एकही गोळी चुकू दिली नाही.

“ताई, बाळाला काही होणार नाही ना गं?”

“फिट आली तर होईल. गीळ मुकाट्याने.”

मुलगी झाली. लाडाने सगळे तिला ठकी म्हणू लागले. ठकी उशिरा बसली, उशिरा चालली. आज बोलेल, उद्या बोलेल म्हणता म्हणता पाच वर्षांची झाली, तरी शब्द चारच.

शेवटी मुलांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “पोटात असताना आईला कोणती औषधं चालू होती?”

ताईने फटकन नाव सांगितलं. बाईंचं पेन थांबलं. “या गोळीने काही मुलांची वाढ मागे पडते. दिवस राहण्याआधीच ती बदलायला हवी होती. कुणी सांगितलं नाही?”

नव्हतंच सांगितलं कुणी. पण खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद ताई दर वेळी चुरगाळून टाकत आली होती. दुसऱ्या दिवशी दुकानात तिने तो उलगडला. सगळं लिहिलेलं होतं.

आठ दिवस तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. मग बहिणीकडे जाऊन सांगून टाकलं. बहीण ठकीच्या फ्रॉकची बटणं लावत होती.

“म्हणजे लिहिलेलं होतं?”

“हो.”

बहिणीने शेवटचं बटण लावलं. मग म्हणाली, “मला पुन्हा दिवस गेलेत. तिसरा महिना. सांग ना, आता गोळी घेऊ की बंद करू?”

ताई तिला तडक दवाखान्यात घेऊन गेली.

फिटच्या डॉक्टरांनी बजावलं, “एकदम बंद केलीत तर दोघांच्या जिवावर बेतेल. हळूहळू बदलू.” बाळाची खात्री मात्र त्यांनी दिली नाही, सुरुवातीचे महिने तर होऊनच गेले होते.

बाहेर आल्यावर ताईने चिठ्ठीसाठी हात पुढे केला. बहिणीने ती पर्समध्ये घातली. “राहू दे. मी दुसरीकडून आणेन.”

ताई अजून काउंटरवर असते. गरोदर बाई आली की कागद उलगडून शेवटपर्यंत वाचून दाखवते. रांग खोळंबते, मालक डाफरतो. बहिणीला सातवा लागला, हे तिला शेजारणीकडून कळलं.