मालतीकाकूंचा गंज

मालतीकाकू गेल्याची बातमी त्यांच्या यजमानांनी, वसंतकाकांनी, स्वतः फोन करून दिली. "मालती गेली. तुझ्या आईले हळू सांग," एवढंच म्हणाले. भिलाईतल्या आमच्या महिला मंडळाची शाखा ज्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात सुरू झाली, त्या काकू सकाळी चहा गाळताना ओट्यापाशीच कोसळल्या होत्या. संध्याकाळी आई आणि मंडळातल्या उरलेल्या बायका त्यांच्या घरी पिठलं-भाकरी घेऊन गेल्या. काकूंशिवाय नेलेली ही पहिलीच.

ही रीत काकूंनीच घातली होती. स्टील प्लांटमधल्या नोकरीसाठी नागपूर-भंडाऱ्याकडून आलेली कुटुंबं प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरांत एकेकटी राहत. घरातलं माणूस गेलं की चूल पेटत नाही. गावी असतं तर भाऊबंदांनी जेवण आणलं असतं. इथे आणणार कोण? शाखेत तोवर हळदीकुंकू, भजन आणि शिवणवर्ग एवढंच चाले. एका शेजारणीचा नवरा गेला आणि तिच्या मुलांनी बिस्किटांवर दिवस काढला, हे कळल्यावर काकूंनी मंडळासाठी स्टीलचा मोठा गंज घेतला. गंज म्हणजे आमच्याकडचं खोल पातेलं. नियम एकच होता : ज्यांच्या घरी तो गेला त्यांनी परत आणून द्यायचा नाही, तेराव्या दिवशीच्या तेरवीनंतर मंडळाची बाईच घ्यायला जाईल. बहुतेक वेळा काकूच जात.

बाबा गेले तेव्हा तो गंज आमच्याकडे आला. मी कॉलेजात होतो. पाहुणे पांगले, आणि आई कोणाशीच बोलेनाशी झाली. काकू गंज न्यायला आल्या आणि तिच्यासमोर बसल्या. "कुमुद, केस कावून नाही विंचरले? आण ते तेल." तेल लावता लावता त्यांनी सुपेल्याच्या बाजारातल्या भाजीवालीची नक्कल करून दाखवली. निघाल्या तेव्हा गंज ओट्यावरच राहिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या, पुन्हा राहिला. काकूंना न्यायला आलेले वसंतकाका स्कूटरवरूनच ओरडत, "आजही रिकाम्या हातानं? एक गंज आणता येत नाही तुले! उद्या मलेच विसरशीन कुठं तरी."

"तुमाले ठेवून कोण घेईन?" म्हणत काकू मागे बसत.

साऱ्या सेक्टरात त्या विसराळू म्हणून ओळखल्या गेल्या. आई मात्र त्या दिवसांत पुन्हा बोलू लागली...

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटले. कोणी नागपूरला गेलं, कोणी मुलांकडे पुण्याला. आम्ही भिलाईतच जुनवानीत आलो, काका-काकूंनी शेजारच्या दुर्गला मोहन नगरात घर केलं. घराघरांतल्या सुना-नाती हिंदी बोलू लागल्या. मंडळात नवं कोणी आलं नाही. शेवटच्या भेटीत काकू म्हणाल्या होत्या, "पिठलं तर कोणीही आणून देईन रे. गंज न्यायले कोण येईन? हे तर चहाही एकटे पीत नाहीत."

काकूंची तेरवी झाली, त्यांचा मुलगा बंगळूरला परतला. काही दिवसांनी काकांचा फोन आला. "गंज घासून ठेवला. कोणाले देऊ? मंडळ तर संपलंच आता."

आईचे गुडघे धरलेले असतात. तरी म्हणाली, "गाडी काढ."

गंज दारापाशी स्टुलावर ठेवलेला होता. आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "भाऊजी, पयले चहा ठेवा."

"मले नाही येत, वहिनी."

"मी सांगून राहिली ना. पाणी ठेवा."

चहा उतू गेला. काका फडकं शोधू लागले, ते कुठे असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिथेच, ओट्याला धरून, ते रडले. तेरवीपर्यंत रडले नव्हते. आई जवळच उभी राहिली. मग तिने फडकं शोधून दिलं, आणि दोघं अंधारून येईपर्यंत काकूंविषयी बोलत बसले.

आम्ही फाटकाबाहेर आलो तसे काका मागून धावत आले, गंज छातीशी धरून. "वहिनी, हा राहिला!"

"विसरली जी," आई मागे न वळता म्हणाली. "मंगळवारी येतो."

काका तिथेच थांबले. हातातल्या गंजाकडे पाहत राहिले. "म्हणजे मालती बी..." एवढं म्हणाले आणि घरात गेले.

गंज अजून त्यांच्याकडेच आहे. दर मंगळवारी ते तो घासून दारातल्या स्टुलावर ठेवतात, आणि आत जाऊन चहाचं आधण चढवतात.