गाण्यातून गळालेली सनई

बोरगाव मेघेतल्या सुरभीने बी.कॉम. केलं, दोन ठिकाणी नोकरी धरली, दोन्ही सुटल्या. आता ती झेरॉक्सच्या दुकानात बसते आणि घरी आली की कॉम्प्युटरवर मॉड बनवते. खेळ असा, की पडद्यावर बाण सरकत येतात आणि गाण्याच्या तालावर कळ दाबायची. त्यात आपल्या पसंतीचं गाणं घातलं की झाला मॉड. खेळातल्या पात्रांचे आवाज वेगळे भरायचे असतात, म्हणून मूळ गायकाचा आवाज काढून नुसती वाद्यं ठेवावी लागतात. हे काम आता एआय करतं.

तिचे वडील रूपराव लग्नाच्या बँडमध्ये सनई वाजवायचे. डीजे आले, बँड मोडला. मग लकवा मारला, तोंड वाकडं झालं. त्यांच्या सनईचं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं, तळेगावच्या लग्नातलं. त्यात कुणी गायकही होता. सुरभीने त्याचाच मॉड करायला घेतला.

"बाबा, तुमची सनई दूरदूरचे लोक आयकतीन," ती म्हणाली. त्या दिवशी रूपरावांनी दाढी करवून घेतली.

गाणं तयार झालं तसं तिने त्यांच्या कानाला हेडफोन लावले. ढोल होता, ताशा होता.

"माही सनई कुठी गेली, बाई?"

तिने काढून टाकलेल्या आवाजाची फाईल लावली. सनई तिथे होती, गायकाच्या गळ्यात गुंतलेली.

"मशीनले ते माणसाचा आवाज वाटली, बाबा."

"मंग काढली काऊन?"

"माणसाचाच काढा लागते."

तिने दुसरी सॉफ्टवेअरं वापरून पाहिली. सनई एकतर जायची, नाहीतर गायकाचे तुटके शब्द घेऊन यायची. शेवटी तिने भिंतीवरची सनई काढून त्यांच्या हातात दिली. "थोडंसंच वाजवा. भरून घेऊ." रूपरावांनी ती ओठांत धरली. ओठांचा एक कोपरा मिटेना. नुसती हवा गेली, लाळ गळली.

"राहू दे," ते म्हणाले.

मग सुरभीने नेटवरची तयार सनई गाण्यात घातली.

"हे कोन वाजवून राह्यलं?"

"कोनीच नाई, बाबा."

मॉड नेटवर टाकला. थोड्या लोकांनी खेळला. एकाने लिहिलं, बाण फार सोपे आहेत. सनईबद्दल कुणीच काही लिहिलं नाही.

"काय म्हनतात लोक?" रूपरावांनी विचारलं.

"सनई चांगली हाय म्हनतात."

"मंग ज्यानं वाजवली त्याले सांगजो," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्यानंतर त्यांनी हेडफोन मागितले नाहीत.