आई आणि मी, एकाच बॅचच्या

कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्याचा मेसेज आला तेव्हा आई बेलवलीच्या आमच्या आताच्या घरात मेथी निवडत बसली होती. मी म्हटलं, "रविवारी उल्हासनगरला जायचंय. तयार राहा."

"तू जा. मी कशाला? म्हातारीला बघून पोरं हसतील."

"पोरं कसली? तुझ्याच वर्गातली आहेत ना?"

आणि ते खरंच होतं. बारावी झाल्या झाल्या आईचं लग्न झालं, ती मोरिवलीला सासरी आली आणि शिक्षण राहून गेलं. मी बारावी पास झाले तेव्हा वडील सेकंड शिफ्ट संपवून आले आणि जेवता जेवता म्हणाले, "पोरीबरोबर तूही अॅडमिशन घे की." ते गमतीनंच म्हणाले असतील, पण आईनं मनावर घेतलं. बी.कॉम.ला आम्ही दोघी एकाच रिक्षातून जायचो. ती पहिल्या बाकावर बसायची, मी शेवटच्या. सगळा वर्ग तिला मावशी म्हणायचा.

रविवारी ती निळी साडी नेसून माझ्याआधी तयार. गेटवर एका मुलीनं माझ्या ओढणीला बिल्ला लावला आणि आईला म्हणाली, "काकू, पालकांच्या खुर्च्या मागे आहेत."

"पालक तर आहेच गं मी. पण बिल्ला मलाही लाव. अकाउंट्सला हिला माझ्यापेक्षा कमी मार्क होते."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "खरंय बाई."

हॉलमध्ये पाय टाकतोय तोच लांबून हाक आली, "मावशी! टिफिन किधर है?" आमच्या वर्गातला एक सिंधी मित्र. आता त्याचं फर्निचरचं मोठं दुकान आहे, पोट त्याहून मोठं. स्वतःचा घरून आणलेला डबा तो रोज मागच्या बाकांवर पास करायचा आणि आईची भाकरी, सुका जवळा हाणायचा. "आज मेरे घर का खाओ," म्हणत त्यानं तिच्यापुढे दाल पकवान ठेवलं आणि ती खाईपर्यंत उठला नाही.

मग सत्कार सुरू झाले. सगळ्यात जुन्या बॅचच्या लोकांना स्टेजवर बोलावलं, तेव्हा कुणीतरी आईचे पांढरे केस बघून तिलाही हाताला धरून वर नेलं. शाल खांद्यावर पडायच्या आत तिनं माईक मागितला.

"मला चुकून आणलंय. मी त्या तिकडच्या पोरांच्या बॅचची. केस तेवढे पहिल्या बॅचचे आहेत."

हॉल खदखदून हसला. पुढच्या रांगेतले आमचे अकाउंट्सचे सर, आता रिटायर झालेले, उठून उभे राहिले. "मी एकदा तापात शिकवत होतो. ह्या बाई भर वर्गात म्हणाल्या, सर, ताळेबंद उद्याही जुळेल, आज घरी जा. माझी बायकोसुद्धा मला असं बोलली नव्हती!"

जेवणानंतर मैदानात रस्सीखेच होती. "मावशीशिवाय टीम नाही" असं सगळ्यांनी जाहीर करून टाकलं. आईनं पदर खोचला, चपला काढल्या आणि माझ्यामागे, अगदी शेवटी उभी राहिली. समोर नुकतीच पास झालेली पोरं. आम्ही बराच वेळ तग धरला, मग माझा हात सुटला आणि अख्खी बॅच एकमेकांच्या अंगावर कोसळली. मी घाबरून मागे वळले तर आई मातीत बसलेली, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वडील गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मीही तिच्या शेजारी फतकल मारली.

परत येताना रिक्षात ती साडीवरची माती झटकत होती.

"तुझे वडील असते तर म्हणाले असते, दोरी सोडलीस कशाला?"

"मग तू काय सांगितलं असतंस?"

"खरं तेच. तुमच्या पोरीनं सोडली."