धुक्यातल्या फेऱ्या

माझ्या धाकट्या बहिणीला गाडी लागते, हे आमच्या घरात कोणी खरे मानले नसते. म्हणून तिने ते बरेच दिवस सांगितले नाही.

ती पुण्याजवळच्या एका मोटार कंपनीत टेस्ट ड्रायव्हर आहे. बाजारात न आलेल्या गाड्या कंपनीच्या आवारातल्या रस्त्यांवर चालवायच्या, हे तिचे काम. तिथे खड्ड्यांचा रस्ता मुद्दाम बांधलेला आहे, दगडगोट्यांचा आहे, पाण्यातून जाणारा आहे. एकाच वेगाने त्यावरून पुन्हा पुन्हा जायचे आणि उतरल्यावर गाडीने काय केले ते सांगायचे. ब्रेक दाबल्यावर मागची बाजू किती उचलली गेली, वळणात कोणते चाक उशिरा आले, हे तिला पाठीच्या कण्यातून कळते. एकदा माझ्या गाडीतून आम्ही पोलादपूरला निघालो होतो. महाड मागे पडायच्या आत ती म्हणाली, मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. पंपावर तपासून घेतले. कमीच निघाली.

चालवायला ती वडिलांच्या जीपवर शिकली. पोलादपूरहून आमच्या कुडपण गावाकडे चढणाऱ्या रस्त्यावर वडील माणसे आणि दुधाचे कॅन ने-आण करत. पावसाळ्यात त्या रस्त्यावर ढग उतरतात आणि बॉनेटपुढचे काही दिसत नाही. अशा वेळी वडील तिला काच खाली करायला लावत आणि म्हणत, "डोळे काय सांगतात ते राहू दे. चाक काय सांगतंय ते ऐक."

कंपनीने सिम्युलेटर बसवला तेव्हा हे सगळे शिक्षण उलटे पडले. गाडी बनवण्याआधीच तिचे स्टिअरिंग आणि ब्रेक आता पडद्यावर चालवून बघता येणार होते. त्यासाठी मोजके ड्रायव्हर निवडायचे होते. बाकीचे ट्रॅकवरच राहतील, असे सांगण्यात आले. ट्रॅकचे काम कमी होत जाईल, हे कोणी सांगितले नाही, पण सगळ्यांना कळत होते. बहीण सिम्युलेटरच्या खुर्चीत बसली आणि दुसऱ्या वळणावर तिला मळमळायला लागले. थोड्याच वेळात तिला हाताला धरून उतरवावे लागले. तिथला इंजिनिअर समजूतदार होता. ज्यांचा रस्त्याचा सराव जास्त, त्यांनाच याचा त्रास जास्त होऊ शकतो, असे त्याने सांगितले. महिनाअखेरीस आणखी एक संधी मिळणार होती. त्यानंतर नाही.

गणपती झाले होते, चाकरमानी मुंबईला परतले होते. बहीण रजा घेऊन महाडला माझ्याकडे आली आणि आल्या आल्या तिने विचारले, "इथे कुठे रेसिंगचा सिम्युलेटर आहे का?"

एमआयडीसीच्या रस्त्यावर टायरच्या दुकानाच्या माडीवर तो होता. एका केमिकल कंपनीतली नोकरी सोडून एकाने गेमिंग सेंटर काढले होते. भंगारातून आणलेली मोटारीची सीट, समोर तीन पडदे, हाताला झटके देणारे स्टिअरिंग, खाली पेडल. पहिली पाळी सुटली की कामगार डब्याच्या पिशव्या घेऊनच वर येत.

बहिणीने खुर्ची पुढेमागे केली, आरसे शोधले आणि गाडी सुरू केली. रेसचा रस्ता मोकळा होता, एकाच दिशेने जाणारा. तरी प्रत्येक आंधळ्या वळणाआधी तिचा अंगठा स्टिअरिंगच्या मधोमध जाऊन हॉर्न दाबत होता. तिथे हॉर्न नव्हता.

"ताई, पलीकडून एसटी येत नाय," मागून एक कामगार म्हणाला.

"आली तर सांगा," ती म्हणाली.

लोक हसले. दुसऱ्या फेरीत तिचे कान पांढरे पडले. तिने गाडी व्यवस्थित कडेला घेतली, ब्रेक लावला, उठली आणि जिन्याच्या पायरीवर गुडघ्यांत डोके घालून बसली. सेंटरवाल्याने लिंबूपाणी आणून दिले. पुढचे काही दिवस हेच झाले. ती रिकाम्या पोटी जाऊन बघू लागली. त्याने आणखी बिघडले. रात्री ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. ट्रॅक सुटला तर काय करशील, हे मी विचारले नाही. दुसरे काही करायचे तिने कधी बोलूनही दाखवले नव्हते.

त्याच सुमारास आई गावाहून आली. गुडघ्यांसाठी ती दरवर्षी सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर काही दिवस जाते आणि तेवढे दिवस माझ्याकडे राहते. तिला एसटी हमखास लागते. पदराच्या टोकात लिंबू बांधलेले असते, तरी लागते. त्या संध्याकाळी एका भिंतीला आई आडवी झालेली होती आणि समोरच्या भिंतीला बहीण.

"मला एसटी लागली," आई म्हणाली. "तुला काय झालं गो?"

"मला खुर्ची लागली."

"कसली खुर्ची?"

"गाडीसारखी आहे. समोर रस्ता पळतो. खुर्ची जागची हलत नाही."

आई उठून बसली. "हलत नाय नि लागते? बापाच्या जीपच्या टपावर बसून यायचीस तू, माझ्या वकाऱ्या ऐकून हसायचीस."

"हसायचे. आता तू हस."

आई हसलीही थोडी. मग बहिणीने विचारले, "घाटात तू काय करतेस?"

"काय करणार? डोळे मिटून बसते. झाडं पळताना बघितली की ढवळायला लागतं."

"मला डोळे मिटून कसं चालेल?"

"तेही हाय. पण धुकं असलं ना, मग मला काय होत नाय. उघड्या डोळ्यानं येते मी. काय दिसतच नाय, तर लागणार काय?"

बहीण भिंतीकडून वळली आणि छताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने सेंटरवाल्याला विचारले, "यात हवा बदलता येते ना?"

"येते की. पाऊस हाय, रात्र हाय, धुकं हाय."

"धुकं लावा. जेवढं असेल तेवढं."

"ताई, धुक्यात रेस कोण लावतं?"

"मला रेस लावायचीच नाही."

पडदे पांढरे झाले. गाडीच्या नाकापुढे हातभर रस्ता उरला, झाडे गेली, कठडे गेले. ती सावकाश निघाली. मागे उभे असलेले कामगार कंटाळून दुसऱ्या यंत्रांकडे वळले. एकाने जाता जाता विचारले, "ताई, म्हशी वळवताय काय?" ती फेरीमागून फेरी घेत राहिली. बऱ्याच वेळाने उतरली, तेव्हा कान नेहमीच्या रंगाचे होते.

घरी येताना तिने मला ते समजावून सांगितले. खुर्चीत बसल्यावर डोळे म्हणतात आपण पळतोय, अंग म्हणते आपण बसलोय. या भांडणातून मळमळ उठते. अंगाला हलवता येत नसेल तर डोळ्यांना थोडे गप्प करायचे, आणि मग एकेक शब्द बोलू द्यायचा.

त्याप्रमाणे तिने केले. रोज धुके थोडे विरळ करायचे. एक दिवस रस्त्याकडेची झाडे आली, एक दिवस पुढचे वळण आले. एकदा तिने घाई केली, डोंगराचा पूर्ण उतार एकदम उघडला आणि जिन्याची पायरी गाठावी लागली. दुसऱ्या दिवशी ती निमूट मागे आली, आदल्या धुक्यात. वर्तमानपत्राच्या नोकरीत मी मोठी कामे करणारी बरीच माणसे जवळून पाहिली होती. स्वतःच्या पोटाला आणि कानाच्या आतल्या तोलाला कोणी असे धडे देताना पाहिले नव्हते.

शेवटच्या संध्याकाळी तिने धुके पूर्ण काढायला सांगितले. त्या दिवशी सवहून परतताना आईलाही माडीवर यायचे होते. पडद्यांकडे बघवेना, म्हणून तिने स्टूल उलटे ठेवले आणि पडद्यांकडे पाठ करून मुलीकडे तोंड करून ती बसली.

लख्ख ऊन होते. पहिल्या फेऱ्या बहिणीने रस्ता ओळखण्यात घालवल्या. मग ती एका वेगावर आली आणि तिथेच राहिली. फेरी संपली की कोपऱ्यात फेरीची वेळ उमटत होती. थोड्या वेळाने तो म्हशींवाला कामगार पडद्याजवळ सरकला.

"आकडा अडकलाय काय रे?" त्याने सेंटरवाल्याला विचारले. "मघाचाच दिसतोय."

सेंटरवाल्याने वाकून बघितले. आकडा अडकला नव्हता. गाडी मधल्या काळात अख्खा डोंगर उतरून, पूल ओलांडून पुन्हा तिथे आली होती. पुढच्या फेरीला शेवटचा अंक तेवढा बदलला. त्याच्या पुढच्या फेरीला तो परत पहिल्यासारखा झाला. या सेंटरमध्ये सगळे एकमेकांपेक्षा लवकर पोचण्यासाठी येत. तीच वेळ पुन्हा गाठायला कोणी बसलेले त्यांनी पाहिले नव्हते. हळूहळू बाकीची यंत्रे थांबली. खाली कंपनीची बस हॉर्न देत होती, तरी कोणी हलले नाही. ब्रेक त्याच झाडाशी, स्टिअरिंग त्याच खांबाशी, आणि आंधळ्या वळणाआधी नसलेल्या हॉर्नवर तोच अंगठा. रस्ता तिच्याकडे येत नव्हता. तिने आधी ठरवलेला रस्ता पडदा नंतर दाखवत होता, असे वाटू लागले.

आई पडद्याकडे एकदाही वळली नाही. "आता डावीकडं," ती हळूच म्हणाली. क्षणभराने पडद्यावर डावे वळण आले. तिने ते मुलीच्या खांद्यावरून वाचले होते. हललेला खांदा मला तोवर दिसलाच नव्हता. "आता उजवीकडं," आई म्हणाली, आणि उजवे आले.

बहीण उतरली तेव्हा टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. लोकांनी वाट करून दिली. म्हशींवाल्याने खुर्चीच्या पाठीला हात लावून बघितला, ती खरोखरच हलत नाही याची खात्री करावी तसा. बहिणीने चहा मागितला आणि बटाटावड्याची प्लेट संपवली.

पहाटेच्या एसटीने ती पुण्याला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मी स्पीकर चालू केला.

"पोहे खाऊन बसले होते," ती म्हणाली.

"मग?" आईने विचारले.

"पोटातच आहेत."

आईने पदरातले लिंबू चाचपले आणि सोडले. "घेतलं का तुला?"

"घेतलं."

आई परवा गावी गेली. मी तिला पोलादपूरपर्यंत सोडले आणि पुढे एसटीत बसवून दिले. हवा अगदी मोकळी होती, वरचे डोंगर कड्यांसकट दिसत होते. खिडकीशी बसून तिने एकदा त्यांच्याकडे बघितले, आणि गाडी सुरू व्हायच्या आत डोळे मिटून घेतले.