तीनइंजिन नानांचं विमान

तीनइंजिन नानांचा एकट्या वस्तूवर विश्वास नव्हता. खिशात तीन पेनं, दुकानात तीन हातोडे, आणि गावाला निघायचं तर तीन जणांना सांगून ठेवलेलं की एस.टी. चुकली तर मोटारसायकलवर सोडा. "एक बंद पडलं तर दोन हायेत," हे उत्तर ठरलेलं. आमच्या युवक मंचालाही त्यांनी तीन सचिव नेमायला लावले. ते तिघंही एकाच आठवड्यात बंद पडले, ही गोष्ट वेगळी.

गेवराईत हायवेलगत त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. भंगारात त्यांना जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा मिळाला आणि त्यातल्या तीन इंजिनांच्या विमानांनी त्यांना झपाटलं. दोन महायुद्धांच्या मधली ही विमानं. इंजिनाचा भरवसा नव्हता, म्हणून एक नाकावर आणि दोन पंखांना. बनवली प्रवासी आणि टपाल न्यायला, पण सैन्यांनीही ती लगेच वापरायला घेतली. नाना चित्रं बघत, इंग्रजी मी वाचून सांगे. मी तेव्हा साम्राज्यशाहीवर पत्रकं काढत होतो, त्यामुळं दर परिच्छेदानंतर माझं भाषण व्हायचं. भाषण सुरू झालं की नाना वेल्डिंगची काच तोंडावर ओढून घ्यायचे.

त्यांना एकच गोष्ट हवी असायची. "माल काय होता, ते सांग." निकाराग्वाच्या जंगलात अमेरिकी सैन्याचं विमान जाताना शिधा नेई आणि येताना जखमी आणी, हे वाचल्यावर ते खूश झाले. "रिकामी फेरी न्हाई. शाणे लोक."

एके दुपारी उमापूरकडचे मेंढपाळ म्हाळूमामा मेंढरांना पाणी पाजायचा पत्र्याचा हौद जोडून घ्यायला आले होते. मी वाचत होतो : इथिओपियाच्या वाळवंटात इटलीच्या सैन्यानं आपल्या तुकडीला खायला म्हणून विमानातून जिवंत मेंढरं उतरवली, हवाई छत्रीला बांधून. मामा डोळ्यांत पाणी येईतो हसले. आमची ट्रकात चढवता चढवता दिवस मावळतो, म्हणाले. पुढच्या पानावर होतं की त्याच सैन्याच्या तसल्याच विमानांनी तिथल्या गावांवर बाँब टाकले, विषारी वायू टाकला. मामा हौद खांद्यावर घेता घेता म्हणाले, "तिथंबी मेंढरं आसतीलच की."

दुसऱ्या दिवशी नानांनी विमान बनवायला घेतलं. ट्रॉलीच्या पत्र्याचं, बैलगाडीहून लांब, पोटाला उघडणारं दार. पोटाखाली लिहायला मी चार परिच्छेद दिले. नानांनी एकच ओळ ठेवली आणि उताणं पडून स्वतः रंगवली : "याच पोटातून मेंढरं उतरली, याच पोटातून बाँब पडले."

तेवढ्यात तालुक्याच्या एका नेत्याचा वाढदिवस आला. जेसीबीतून फुलं उधळणं आता जुनं झालेलं. त्यांचा कार्यकर्ता येऊन म्हणाला, विमान क्रेनला टांगू, फुलं त्यातून पाडू. नानांची निम्मी कामं याच मंडळींची. नाना लगेच हो म्हणाले. मी चिडलो, तुम्ही विकले गेलात असं तोंडावर बोललो. ते शांत होते. "तालुका वर बघल ना? मग वाचल की."

वाढदिवसाच्या सकाळी विमान क्रेनला लागलं आणि कार्यकर्त्यानं वर बघितलं.

"नाना, मेंढरं राहू द्या, मेंढपाळ मंडळी खूश होतील. बाँबचं तेवढं पुसा. आज वाढदिवस हाय."

त्यानं थिनरमध्ये भिजवलेलं फडकं पुढं केलं. नानांनी ते घेतलं, आपल्या हाताला लागलेला रंग पुसला आणि परत दिलं. "पुरं न्यायचं आसल तर न्या."

कार्यकर्त्यानं विमान खाली उतरवायला लावलं. ट्रॉलीवर आडवं बांधून आम्ही ते भर गावातून परत आणलं. पंख दोन्हीकडं बाहेर, वाहनं थांबलेली, पुढं मी रस्ता मोकळा करतोय. इतका अभिमान मला कुठल्या मोर्चात वाटला नव्हता.

महिनाभरात ट्रॉल्यांची कामं आटली. नानांनी दुकान आवरलं. कडा गावात लेकीकडं राहून उसाच्या गाड्या दुरुस्त करायचं ठरलं. ते सामान भरत होते तेव्हा मी त्या नेत्यावरचं जहाल पत्रक घेऊन गेलो. अवजारांच्या पेटीवर बसून त्यांनी ते सगळं वाचलं.

"उन्हाळ्यात आपल्या गल्लीत याच माणसाचे पाण्याचे टँकर आलते. ते कुठंय?"

मी म्हणालो, ते घातलं तर पत्रकातली धार जाते.

"त्यानं बाँब पुसायला सांगितले," नाना म्हणाले, "तू मेंढरं पुसलीस की बे."

टेम्पो गेला. मी तिथंच, रिकाम्या दुकानाच्या पायरीवर, टँकरचं वाक्य लिहिलं. लिहिताना जिवावर आलं, खोटं कशाला सांगू. पत्रक स्टँडवर चिकटवलं. माझी आधीची पत्रकं त्या कार्यकर्त्यानं पहिली ओळ वाचूनच फाडलेली होती. या वेळी तो टँकरपर्यंत आला, थांबला, मान डोलावली आणि उरलेलंही सगळं उभ्यानं वाचून गेला.