नाव कमी करताना

पडद्यावर एक रिकामी चौकट असते आणि तिच्यात एक उभी रेघ लुकलुकत राहते, कुणाच्या तरी नावाची वाट बघत. गुंतवणूक बँकेतल्या माझ्या इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात अशी चौकट समोर आली. प्रोग्राम तपासायला खोटे ग्राहक हवे होते. "कुठलीही नावं टाक गं," माझी सीनियर मृणाल म्हणाली. मी दोन-चार मैत्रिणींची नावं टाकली, आणि मग बोटांनी आपसूक बाबांचं नाव लिहिलं.

बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. घरी आता त्यांच्या नावाआधी 'कै.' लागतं, इथे मात्र नावापुढे हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह' उमटलं. बँकेत शिरताना चपला दाराबाहेर काढून ठेवणारा माणूस! रोज सकाळी मी त्यांना शेअर घ्यायला लावायचे, विकायला लावायचे. प्रोग्राम अडला की वाटायचं, बाबाच गोंधळलेत. गेलेल्या माणसाची रोजची कामं कुठेतरी चालू असावीत, एवढंच तर मागे राहिलेल्यांना हवं असतं.

शेवटच्या दिवशी मृणाल म्हणाली, "जाताना टेस्ट डेटा साफ करून जा हं."

मैत्रिणींची नावं पटापट काढली. बाबांच्या नावाशी बोट थबकलं. रेशनकार्डावरून त्यांचं नाव कमी केलं, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने आईकडे मान वर करूनही पाहिलं नव्हतं. हा पडदा मात्र विचारत होता, नक्की काढायचं?

तोंडाने काही मला 'हो' म्हणवलं नाही. बोटानेच ते म्हटलं.